अर्धलीची कालवड

हरणी कड्यावरून घसरून मेली त्याला महिना होत आला होता, आणि तरी रोज संध्याकाळी ती पठारावरून आपल्या वासराला हाका मारत होती.

सुगंधा बांडे त्या वेळी हातातलं काम टाकून ओट्यावर येऊन उभी राहायची. चुलीवर भाकरी असली तर ती करपायची. तिचा नवरा काशिनाथ एकदा म्हणाला, "आज बी कोळसाच खायाचा का?" तिने त्याच्याकडे असं काही पाहिलं की त्यानंतर तो करपलेली भाकरी मुकाट्याने खाऊ लागला. हरणीची हाक घोगरी सुरू व्हायची, मग चढत जायची आणि टोकाला पोचून किंचित मोडायची. माळावर शंभर गाई हंबरल्या असत्या तरी सुगंधाने त्यातून हरणी ओळखली असती. आता ती हाक लोखंडी पेटाऱ्यातून येत होती, तरी ती तशीच ऐकत उभी राहायची.

त्या पेटाऱ्याला कागदोपत्री 'स्वयंचलित पूरक आहार केंद्र' असं भारदस्त नाव होतं. वाडीने पहिल्याच आठवड्यात ते बाजूला ठेवलं आणि त्याला 'मावशी' म्हणायला सुरुवात केली. आईचं दूध कमी पडलं तर लेकराला जवळ घेऊन भरवणार कोण, मावशीच ना!

ही मावशी काय करते ते आधी नीट समजून घेतलेलं बरं. डांगी गाय काही दुधाची गाय नव्हे. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, तेलकट कातडीची ही जनावरं घाटमाथ्याचा सगळा पावसाळा अंगावर घेऊन चरतात. पण त्यांची कास वासराचं पोट भरण्यापुरतीच. वाडीचं सगळं भांडवल म्हणजे ही वासरं. खोंड शेतीच्या कामाला किंवा वळू म्हणून बाहेर जायचे, कालवडी घरी राहून कळप वाढवायच्या. आता पंचाईत अशी, की गाय व्यायली की दोनेक महिन्यांत तिचं दूध भरात येतं आणि मग ओसरू लागतं. वासराची भूक मात्र दिवसेंदिवस वाढतच जाते. नेमकी त्याच सुमारास दिवाळी सरते, माळावरचं गवत कुसळं धरतं, वाळतं, आणि त्यातली प्रथिनं निघून जाऊन उरतो नुसता चोथा. हा चोथा पचवणारा वासराच्या पोटातला मोठा कप्पा अजून कोवळा असतो. त्यातल्या सूक्ष्मजीवांना कामाला जुंपायचं तर त्यांना रोज मूठभर प्रथिनं बाहेरून द्यावी लागतात. तेवढी मिळाली की वासरू तेच वाळकं गवत जास्त खातं आणि पचवतंही. पण मुठीऐवजी घमेलं ओतलं, की ते चरायचंच सोडून देतं आणि नुसतं चरबीने फुगतं.

म्हणजे सगळं कसब मापात होतं. मावशीच्या दाराला उभे गज होते, वासराचे खांदे आत जातील आणि गाईचे अडतील एवढ्याच अंतरावर बसवलेले. वासराने आत पाय ठेवला की खालचा काटा त्याचं वजन घ्यायचा. तोंडासमोरची नळी त्याच्या श्वासातले वायू हुंगून पोटात काय चाललंय ते ओळखायची. मग खुरासणीची पेंड, नागलीचा कोंडा, मीठ आणि चिमूटभर क्षार असं मिश्रण त्या एका वासरापुरतं मोजून समोर पडायचं.

राहिला प्रश्न बोलावण्याचा. सगळी वासरं एकदम आली तर दांडगी खाणार आणि दुबळी उपाशी राहणार. यावर तोडगा काढला जनावरांच्या डॉक्टर निखत शेख यांनी. प्रत्येक गाय आपल्या वासराला स्वतःच्या वेगळ्या हाकेने बोलावते आणि वासरू तेवढ्या एकाच हाकेला वळतं, हे शास्त्राला आधीपासून ठाऊक होतं. निखतबाईंनी त्या हाकेतली ओळखीची खूण वेगळी काढायची रीत शोधली. गाईच्या गळ्यात काही दिवस एक बिल्ला बांधून ठेवला, की मावशीला तिची हाक यायला लागे. मग ज्या वासराची पाळी, त्याच्या आईच्या आवाजात मावशी बोलावी, आणि ते एकटंच उड्या मारत येई.

पहिले काही दिवस माळावर नुसता गोंधळ होता. सुगंधाच्या थोरल्या जावेची, भीमाबाईची, कवडी नावाची गाय होती. तिने आपलाच आवाज पेटाऱ्यातून ऐकला आणि सरळ पेटाऱ्यालाच शिंगं लावली. तिच्या वासराला हाक मारणारी ही दुसरी कोण, याचा निकाल तिला तिथल्या तिथे लावायचा होता. पुढे तिलाही सवय झाली. पाच वर्षांत मावशीने वाडीची वासरं अशी तयार केली की घाटाखालचे लोक वळू बघायला पठारावर येऊ लागले.

आणि यंदा भाद्रपदातल्या धुक्यात हरणीचा पाय सरकला. तिच्या मागे राहिली कपाळावर पांढऱ्या ठिपक्याची, दोन महिन्यांची कालवड. तिचं नाव टिकली. आई गेली तरी टिकली जगली, कारण मावशी तिला हरणीच्या आवाजात बोलावत राहिली.

हरणी ही सुगंधाच्या माहेरची. लग्नात तिच्या आईने तिला एक कालवड आंदण दिली होती, तिची नात म्हणजे हरणी. सासरी नवी आलेली सुगंधा कुणाशी बोलायची नाही ते गोठ्यात जाऊन त्या पहिल्या गाईशी बोलायची. आता तिच्या लेकीचं, रेवतीचं, लग्न वैशाखात ठरलं होतं, इगतपुरीच्या बाजूला. टिकली रेवतीबरोबर आंदण जाणार, हे टिकली जन्मली त्याच दिवशी सुगंधाने मनाशी धरलं होतं. हरणीच्या वंशातली ही एकच मादी उरली होती. तिचं काही बरंवाईट झालं असतं तर आईने दिलेला तो धागा सुगंधाच्या हातातच तुटणार होता.

मावशीची सगळी देखभाल रेवतीकडेच होती. कार्तिकातल्या एका दुपारी ती माळावरून आली ती कपाळाला आठ्या घालूनच.

"आये, टिकलीचं काही खरं नाही."

"का? वजान घटलं?"

"वजन झकास आहे. पण ती कुणात मिसळत नाही. बाकीची वासरं आयांच्या मागं चरत्यात, ही दिवसभर गजाला नाक लावून उभी. आणि माझ्या सासरी मावशी नाही, ठाऊक आहे ना तुला? तिथं कुणाच्या गजाला नाक लावंल ती?"

पुढचं वाक्य कोणतं येणार ते सुगंधाला माहीत होतं.

"मोठीआईची कवडी मोकळी आहे," रेवती म्हणाली. "तिच्या वासराला बिबट्यानं नेलं, कास अजून भरलेली आहे. टिकलीला तिला लावू. मोठीआई कशीबशी धार काढून दूध टिकवतेय, पण वासराच्या तोंडाशिवाय कितीसं टिकणार? पंधरा-वीस दिवसांत आटंल."

"नाय," सुगंधा म्हणाली आणि उठून भांडी घासायला बसली. भांडी तिने सकाळीच घासली होती.

नाही म्हणायला कारणं होती. एक म्हणजे भीमाबाई तिच्याशी बोलत नव्हती. कवडीचं वासरू मावशीकडे जातानाच बिबट्याने उचललं, आणि मावशीला जागा दिली ती सुगंधाने, म्हणून सगळा दोष सुगंधाचा, असा थोरल्या जावेचा सरळ हिशेब होता. दुसरं म्हणजे वाडीची रीत. दुसऱ्याच्या गाईचं दूध पिऊन जे वासरू वाढतं, त्यात त्या गाईच्या मालकिणीची अर्धल असते. म्हणजे टिकली निम्मी भीमाबाईची होणार, आणि निम्मी कालवड आंदण कशी द्यायची?

तिसरं कारण तिने कुणाला सांगितलं नव्हतं. टिकली कवडीला लागली की मावशीने हरणीचा आवाज काढायचं कारण उरणार नव्हतं.

तिने ठाम नाही म्हटलं खरं. पण रेवती तिचीच मुलगी. दोन दिवसांनी ती आईला दुचाकीवर मागे बसवून उंबरवाडीला घेऊन गेली. "एक कालवड पहिलटकरीण व्यायला झाली आहे, बघायला चल," एवढंच म्हणाली. गोठ्यात निखतबाईही आल्या होत्या.

मोरी नावाची ती कालवड. तिच्या आईला दूधच नव्हतं, त्यामुळे मोरी जन्मताच तिच्यापासून बाजूला काढलेली, आधी बाटलीवर आणि मग उंबरवाडीच्या मावशीवर वाढलेली. अंगाने सगळ्या कळपात उजवी. ती व्यायली तेही सुखरूप. वासरू ओल्या अंगाने धडपडत उभं राहू पाहत होतं, आणि मोरी त्याच्याकडे वाटेत पडलेल्या कुणाच्या तरी गाठोड्याकडे बघावं तशी बघत होती. तिने ते हुंगलं नाही, चाटलं नाही.

तेवढ्यात उतारावरून मावशीची हाक आली. मोरीच्या आईचा आवाज. त्या गाईला यंदा दुसरं वासरू होतं आणि हाक त्या वासरासाठी होती. पण मोरीने कान टवकारले, दावं हिसडलं आणि आपलं पोर तसंच टाकून ती उताराकडे धावली. सुगंधा गोठ्याबाहेर आली. वेताची वार अजून अंगाला लोंबत असलेली ती मोठी गाय गजांसमोर उभी होती. आत मावत नव्हती आणि बाहेर तिला राहवत नव्हतं. मान गजातून घालून ती हंबरत होती, वासरासारखी.

"चाटणं हे आईकडून शिकायचं असतं," निखतबाई हलकेच म्हणाल्या. "हिला कुणी चाटलंच नाही. चूक मावशीची नाही, आमची आहे. पूरक आहार म्हणजे आईच्या दुधात घातलेली भर. आम्ही नुसत्या भरीवरच वासरं वाढवत बसलो, आणि वजनं बघून खूश होत राहिलो."

गोठ्यात एक बाई पेंढ्याने वासराचं अंग पुसत होती. परतल्यावर घरासमोर उतरताच सुगंधा घरात न जाता सरळ शेजारच्या अंगणात शिरली.

भीमाबाई सुपात वरई पाखडत होती. तिने मान वर केली नाही.

"आक्का," सुगंधा म्हणाली, "आमची टिकली तुमच्या कवडीला लावू द्याल का?"

सूप चालूच राहिलं. "तुपली मावशी हाये ना. तिलाच म्हनावं, पाज."

"मावशीला कास नाय, आक्का."

सूप थांबलं. भीमाबाईच्या ओठाचा कोपरा हलल्यासारखा वाटला, पण ती हसली नसावी.

"आन् रीत?"

"म्हाईत हाये. जिचं दूध, तिची अर्धल."

"मंग घेऊन ये सकाळच्याला. मीठ म्या लावते."

रीतसर टिकलीच्या पाठीला मिठाचं पाणी चोळलं, कवडीचं मेलेलं वासरू ज्या गोणपाटावर झोपायचं ते तिच्या अंगावर बांधलं. कवडीने दोनदा लाथ झाडली. मग गोणपाट हुंगलं, मीठ चाटलं, पुन्हा चाटलं, आणि तिला पान्हा फुटला. भीमाबाईने पदराने डोळे टिपले आणि धूर गेला म्हणाली. चूल घरात होती.

गाय तयार होती. वासरू तयार नव्हतं. कवडी हंबरली तरी टिकलीला ती कुणी परकीच बाई. आणि पठारावरून हरणीची हाक आली, की अंगावरच्या गोणपाटासकट ती धूम ठोकायची. रेवतीने मावशीला दोन दिवस गप्प ठेवून पाहिलं, तर टिकली गजाला नाक लावून उपाशी उभी राहिली. पेंड नाही, दूध नाही, पाणीही नाही. तिसऱ्या दिवशी तिचे डोळे खोल गेले तेव्हा सुगंधाच म्हणाली, "चालू कर बाई, पोर मरंल."

इकडे कवडीची धार रोज कमी येत होती.

रेवतीने निखतबाईंना बोलावून घेतलं. ओट्यावर बसून दोघींनी पडद्यावर दोन रेषा काढल्या, डोंगरांच्या दोन रांगा दिसाव्यात तशा. एक हरणीची हाक, एक कवडीची.

"एकदम बदलली तर टिकली येणार नाही," निखतबाई सुगंधाला म्हणाल्या. "पण हळूहळू बदलली तर? आज हाकेत सगळी हरणी. उद्या कवडीचा थोडासा अंश. परवा आणखी थोडा. वासराचा कान रोजच्या एवढ्याशा फरकाला फसतो. शेवटी मावशीतून निव्वळ कवडी बोलेल. आणि तीच हाक टिकलीला माळावर कवडीच्या तोंडून ऐकू येईल."

सुगंधा ऐकत होती. पेंढा भरलेलं वासरू पुढे उभं करून गाईला फसवायचं, हे तिच्या आजीपासून चालत आलेलं. वासराला फसवायचं हे नवीन होतं. पण तिच्या मनात अडलं ते निराळंच.

"म्हंजी हरणी रोज थोडी थोडी पुसायची," ती म्हणाली.

निखतबाईंना समजलं. "तिचा आवाज मी वेगळा जपून ठेवीन. तुमच्या फोनवर पाठवते, हवा तेव्हा ऐका."

"मपल्या फोनवर कशाला? म्या काय तिचं वासरू हाये?" सुगंधा फणकारली, आणि मग तिचा आवाज फुटला. ती तिथेच दोघींसमोर रडली. आई गेली तेव्हा ती सासरी होती आणि पोचायला उशीर झाला होता. हरणीला मात्र तिने स्वतः माती दिली होती, आणि तरी ती रोज बोलत होती म्हणून सुगंधाने ते खरं मानलं नव्हतं. "करा," डोळे पुसून ती म्हणाली. "मला सांगू नका किती राहिली ते. करा."

पहिले काही दिवस सगळं ठरल्याप्रमाणे चाललं. हाकेतला घोगरेपणा थोडा निवळला, टिकली येत राहिली. सोबत रेवतीने तिची पेंड रोज थोडी कमी केली. पोटात भूक असल्याशिवाय वासरू कासेला तोंड लावणार नाही, हे उघडच होतं. पण निम्म्याहून जास्त वाट सरली आणि गाडं अडलं. टिकली कवडीच्या जवळ उभी राहायची, चाटून घ्यायची, कासेकडे मात्र ढुंकूनही बघायची नाही.

"आणि वजन वाढतंय," रेवती कपाळाला हात लावून म्हणाली. "पेंड निम्मी केली तरी वाढतंय. हवा खाऊन वाढती का काय ही?"

काशिनाथ भाकरी मोडता मोडता थांबला. त्याने बायकोकडे पाहिलं आणि मग कढी ढवळायला लागला.

"आबा, तुम्हाला काय ठाऊक आहे?"

"मला काय ठाऊक? म्या आपला जेवतोय."

"आये?"

सुगंधाचा चेहरा पडला. दुपारी गवत आणायच्या निमित्ताने ती पदरात पेंडीचे खडे बांधून नेत होती. गजाला नाक लावून उभी असलेली, पेंडीच्या वासाने गज चाटणारी टिकली तिला बघवत नव्हती. हातावरची पेंड ती चाटून चाटून खायची आणि मग डोकं सुगंधाच्या मांडीला घासायची. आईविना पोराला कुणी तरी भरवायला नको का?

"आये, तूच मावशी झालीस की," रेवती म्हणाली. ती रागावली नव्हती, आणि त्याचंच सुगंधाला जास्त लागलं. "कवडीचं दूध उद्या-परवा आटंल. मग आयुष्यभर खडे बांधून नेशील का माझ्या सासरी?"

दुसऱ्या दिवशी सुगंधा गवताला गेलीच नाही. दुपार टळेपर्यंत ओट्यावर बसून राहिली. आपलं पोर भुकेलं आहे हे माहीत असून हात बांधून बसायचं, एवढं अवघड काम तिने जन्मात केलं नव्हतं. उन्हं कलली तेव्हा शेजारच्या अंगणातून भीमाबाई उठून आली आणि तिच्याजवळ टेकली. मग दोघी उठून माळाकडे चालू लागल्या.

मावशी हाक मारत होती. टिकली गजापर्यंत आली, आत गेली. खाली पडलं ते मूठभरही नव्हतं. दोनदा जीभ फिरवताच संपलं. ती बाहेर आली आणि तिथेच घुटमळली. उतारावर कवडी चरत होती. तिने मान उचलली, टिकलीला पाहिलं आणि हंबरली. पेटाऱ्यातून आलेली हाक आणि ही हाक यांत आता फार अंतर उरलं नव्हतं. टिकलीचा एक कान पेटाऱ्याकडे होता, दुसरा गाईकडे.

"ये ग बाय," भीमाबाई पुटपुटली. "ये."

मावशीने पुन्हा हाक मारली. टिकलीने पेटाऱ्याकडे पाहिलं. तिथे खायला काही नव्हतं, चाटायला जीभ नव्हती. कवडी दोन पावलं पुढे आली, आणि टिकली एकदम निघाली. वाटेत अडखळून पडली, उठली, थेट कवडीच्या पोटाखाली शिरली आणि कासेला अशी ढुसणी दिली की गाय हलली. मग तिची शेपटी थरथरू लागली. तोंडाच्या कडांनी फेस येऊ लागला. कवडी मान वळवून तिच्या पाठीवरून जीभ फिरवत होती.

"लागली!" सुगंधा ओरडली. "आक्का, लागली ओ!"

"दिसतंय मला. कान फोडू नको," भीमाबाई म्हणाली आणि तिने सुगंधाचा दंड घट्ट धरला. गेले कित्येक आठवडे कामापुरतंच बोललेल्या त्या दोघी अंधारून येईपर्यंत तिथेच बोलत उभ्या होत्या, आणि त्यात बिबट्याचं नावसुद्धा निघालं नाही.

पुढे सगळं सोपं झालं. टिकली कवडीमागे चरायला शिकली, कुठलं गवत खायचं आणि कुठल्या पाल्याला तोंड लावायचं नाही ते पाहू लागली. मावशी तिला दिवसातून एकदाच बोलावायची, मूठभर द्यायची आणि परत पाठवायची. पौषात एकदा सुगंधा रेवतीला म्हणाली, "आज हरणी जरा जास्तच बारीक ऐकू आली, नाय?" रेवती तिच्याकडे बघत राहिली. "आये, हरणी नाही त्यात. कधीपासूनच नाही." सुगंधाने आठवून पाहिलं. नेमकी कुठल्या संध्याकाळी हरणी गेली ते तिला सांगता आलं नसतं. तिला वाईट वाटलं, पण हातातलं काम सुटेल एवढं नाही. त्या संध्याकाळी भाकरी करपली नाही.

मग वैशाख आला. मांडव पडला, हळद लागली, आणि सुगंधाच्या मनाला एकच टोचणी होती. अर्धी टिकली जावेची. अर्धल मागायचा भीमाबाईला पूर्ण हक्क होता आणि सुगंधा तोंड उघडणार नव्हती. तिने मनाशी ठरवून टाकलं, पोरीला दुसरी कुठलीतरी कालवड द्यायची. टिकली इथेच राहील, जगेल, विईल, आपल्या पोराला चाटील. एवढं झालं तरी पुष्कळ.

पाठवणीच्या सकाळी टेम्पो दारात उभा राहिला. रेवती सगळ्यांच्या पाया पडत होती. तेवढ्यात माणसं बाजूला झाली आणि भीमाबाई आली. तिच्या एका हातात टिकलीचं दावं होतं, दुसऱ्या हातात कवडीचं.

"अर्धी कालवड मपली हाये," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "ती म्या मपल्या पुतणीला आंदण दिली. उरलेली अर्धी तिच्या आयनं द्यायची का नाय ते तिनं बघावं."

सुगंधाने मान डोलावली आणि टिकलीच्या कपाळावर हळदकुंकू लावलं.

"आणि कवडी, मोठीआई?" रेवतीने विचारलं.

"कालवड पिती हाये अजून. तिला आयपासून तोडून नेतीस का? पर कवडी काय आंदण नाय हां," भीमाबाईने बोट उगारलं. "कवडी म्या अर्धलीनं देते. तिचं येक वासरू तुपलं, येक मपलं. आन् मपलं वासरू कुनाच्या हाती धाडायचं नाय. तू सोता घेऊन यायचं. येताना टिकलीची खबर आनायची."

मांडवात हशा पिकला. रेवती हसता हसता रडायला लागली आणि मोठीआईच्या गळ्यात पडली. सुगंधाने पुढे होऊन दोघींना मिठी मारली. आपली आई अशी काही अट घालायला विसरली, हे तिला आज पहिल्यांदा जाणवलं.

टेम्पोची फळी लावली. कवडी चढली, मागे टिकली चढली. काशिनाथने घसा खाकरला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच शहाणपणाचा प्रश्न विचारला.

"वहिनी, आन् एखाद्या साली कवडी व्यायलीच नाय, तर वो?"

"तर मंग तसं सांगाया यावं लागंल," भीमाबाई म्हणाली.